मूळ लेखकाचा खुलासा

विद्यापीठाला एखादी गोष्ट कळायला तीस वर्षं लागतात, आणि एकदा कळली की ती शनिवारी चारच्या आत कुणाच्या तरी डोक्यात घालायची असते. या खेपेला डोकं बिट्टीचं होतं.

अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल बाइंडिंगच्या टेबलावर पसरला होता. बिट्टीच्या बापानं, म्हणजे घरातल्या धाकट्यानं, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि पुठ्ठे, खळीचा डबा, शिवायच्या सुया असं सगळं एका कोपऱ्यात सारलं होतं. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर या दुकानात तीन पिढ्या प्रबंध टाइप होत होते, शिवले जात होते, पाठीवर सोनेरी अक्षरं घेऊन बाहेर पडत होते. पण टाइप केलेलं असं रंगवून परत येताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. जिथे जिथे मजकूर दुसऱ्या कुणाशी जुळला, तिथे तिथे संगणकानं पिवळा पट्टा ओढला होता.

"हे बघ," तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "हे प्रतिज्ञापत्र. 'हा प्रबंध माझा स्वतःचा असून.' हे विद्यापीठच छापून देतं ना? अक्षर बदललंत तर बघा, अशी तंबी देऊन? ते शंभर टक्के चोरीचं ठरवलंय! संदर्भसूची पिवळी. आणि इथे बघ ताई, विद्यापीठाचं नाव पिवळं. आता विद्यापीठाचं नाव तरी पोरीनं स्वतः विचार करून लिहायला हवं होतं का?"

ताईनं, म्हणजे बिट्टीच्या आत्यानं, चष्मा पुसला आणि पानं पुढे उलटली. प्रबंध टाइप करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं, आधी यंत्रावर, मग संगणकावर. पान कुठे उघडायचं ते तिला ठाऊक होतं. प्रतिज्ञापत्र, सूची, आभार हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. तिसऱ्या प्रकरणाचं मात्र पहिल्या पानापासून बाविसाव्या पानापर्यंत हळद माखावी तसं सगळं पिवळं झालं होतं आणि खाली एकच संदर्भ छापला होता. एकतीस वर्षांपूर्वीचा प्रबंध. लेखक: त्यांचा भाऊ. मधला.

मधला भाऊ टेबलाच्या पलीकडे ताठ बसला होता. त्याला सगळे सर म्हणत. सहावीत असल्यापासून तो आल्यागेल्याच्या चुका काढायचा, म्हणून वडिलांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव. पुढे तो खरोखरच विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि चेष्टा संपली. वाङ्मयचौर्याची नियमावली त्यानंच केली होती. कपाटांत धूळ खाणारे जुने प्रबंध यंत्रात घाला, नाहीतर चोर सापडणार कसे, म्हणून सहा वर्षं तोच समित्यांच्या मागे लागला होता. गेल्या वर्षी घातले. पहिल्याच चाळणीत सापडली ती त्याची पुतणी, आणि तीही त्याच्याच प्रबंधात हात घातलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

बिट्टी खिडकीशी उभी होती. पाच वर्षं संशोधन, एका कॉलेजात दोन वर्षांची हंगामी नोकरी, आणि आता हे.

"पुतणी म्हणून मी समितीतून बाहेर पडलो," सर म्हणाले. "ते माझं कर्तव्य होतं. आता समितीला मूळ लेखकाचा खुलासा हवाय, आज चारच्या आत. एवढाच कागद आहे. मजकूर माझा आहे का, आणि वापरायला मी संमती दिली होती का."

"आणि नाही दिली म्हटलं तर?" धाकट्यानं विचारलं.

"नियम नऊ. एकाच लेखकाचं सलग प्रकरण उचललं असेल तर टक्के बघायचे नाहीत. नोंदणी रद्द."

"संमती दिली म्हटलं तर?"

"सहा महिन्यांत नव्यानं लिहून द्यायचं."

"मग लिही की दिली म्हणून! यात एवढा विचार कसला करतोस?"

"कारण मी दिलेली नाही," सर म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

धाकट्यानं खळीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. भावाशी वाद घालताना त्याच्या हातांना काहीतरी लागायचंच. लहानपणापासून हा असाच, त्याला वाटलं. घरात आग लागली तरी आधी पाण्याची पावती मागेल.

*

अर्ध्या शटरखालून वाकून बिट्टीची आई आत आली तेव्हा दीड वाजत आला होता. सकाळची पाळी संपवून ती इस्पितळातून थेट आली होती. पांढरे बूट, मनगटावर घड्याळाचा वळ, आणि सात तास दुसऱ्यांच्या नातेवाइकांशी गोड बोलून आल्यानं स्वतःच्या नातेवाइकांसाठी शिल्लक काही नाही, असा चेहरा.

"झालं का लिहून?" तिनं विचारलं.

धाकट्यानं कोपऱ्यातली एक सुई उचलून हातात फिरवली. तिला उत्तर मिळालं. तिनं पर्स टेबलावर ठेवली, अहवालाच्या बरोबर मधोमध.

"मला एक समजावून सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, पण बघत होती नणंदेकडे. "बिट्टीला ते प्रकरण दिलं कुणी?"

"मी," आत्या म्हणाली. "ती अडली होती. माहिती गोळा कशी केली ते लिहिता येईना. माझ्याकडे कार्बन प्रत होती. म्हटलं, हे घे, घरचंच आहे."

"घरचं म्हणजे भाऊजींच्या प्रबंधातलं."

"घरचं म्हणजे माझं." आत्यानं हे इतक्या साधेपणानं म्हटलं की धाकट्यानंच मान खाली घातली. "मी लिहिलेलं. मी दिलं. त्याच्या प्रबंधात आहे हे ठाऊक होतं, पण ते त्याचं झालंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

बिट्टीच्या आईनं घरातल्या या गोष्टीची कुजबुज लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ऐकली होती. या दुकानात 'सावरून देणं' नावाचा एक प्रकार होता. विद्यार्थी येईल ते खरडून आणायचा, आणि टाइप करता करता आत्या त्याची वाक्यं सावरून द्यायची. सासऱ्यांच्या काळापासूनची रीत. कुणाचं एक वाक्य, कुणाचं एक पान. भावाच्या वेळी किती सावरलं, हे विचारायचं नाही, अशी घरात अळीमिळी गुपचिळी होती. तिनं ती पाळली, कारण तिला वाटलं होतं एखाददुसरं पान असेल.

"बावीस पानं?" तिनं विचारलं.

"तो तेव्हा दोन कॉलेजांत शिकवत होता," आत्या म्हणाली. "वेळ कुठे होता त्याला? घरोघरी मीच गेले. एकशे बारा घरं. मग लिहिणार कोण? जो गेला त्यानंच लिहायचं."

"वा! छान!" बिट्टीची आई सरांकडे वळली. "भाऊजी, म्हणजे संमती दिली हे लिहायचं नाही, कारण ते खोटं. आणि मजकूर माझा नाही हेही लिहायचं नाही, कारण ते खरं. मग त्या कागदावर तुम्ही लिहिणार तरी काय?"

"सावरणं वेगळं आणि लिहिणं वेगळं," सर म्हणाले. "कल्पना माझी होती. विषय माझा. आराखडा माझा."

"कुठला आराखडा?" आत्यानं विचारलं. चिडून नव्हे, तिला खरंच आठवत नव्हतं.

आता बिट्टीनं पिशवीतून एक जाड फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. "आई, हे मला दाखवायचं नव्हतं," ती म्हणाली. "हा माझा पहिला मसुदा. काकांना वाचायला दिला होता. दोन वर्षांपूर्वी."

आईनं तिसरं प्रकरण उघडलं. चौथ्या पानावर लाल शाईत रेघ होती. तिनं मोठ्यानं वाचलं. "'प्रश्न घरातल्या बाईला विचारला आणि उत्तर पुरुषानं दिलं, तर ते उत्तर खोडू नये, वेगळ्या रकान्यात लिहावं, आणि बाईला एकटी गाठून प्रश्न पुन्हा विचारावा.' आणि शेजारी भाऊजींचं अक्षर: 'उत्तम! हे तू स्वतः विचार करून लिहिलंस, हे दिसतं.'"

धाकट्याच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला हसू आलं होतं, आणि तो लगेच खोकला.

"स्वतःचं लिहिलेलं माणूस ओळखत नाही होय?" बिट्टीच्या आईनं विचारलं.

*

सरांना ते अक्षर आपलं आहे हे नाकारता येत नव्हतं. त्या उद्गारचिन्हासकट त्यांचंच होतं.

आणि राग येत होता तो याचा, की त्यांनी खरोखरच ओळखलं नव्हतं. वेगळ्या रकान्याची पद्धत म्हणजे त्यांचं नाव, असं तीस वर्षं समीकरण होतं. तीन परिषदांत त्यांनी त्यावर भाषण केलं होतं. पण भाषणाची टिपणं वेगळी आणि ती बावीस पानं वेगळी. प्रबंध शिवून हातात आला त्या दिवसानंतर तिसरं प्रकरण त्यांनी उघडलंच नव्हतं. का उघडलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आज या खळीच्या वासात, सगळ्यांसमोर, ते विचारायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

त्यांनी किती चोर पकडले होते! एकानं आभाराचं पानही तसंच उचललं होतं आणि दुसऱ्याच्या बायकोचे मनापासून आभार मानले होते. एकीनं आपलं नाव घालताना मूळ लेखकाचं वय तसंच ठेवलं होतं. सुनावणीत ही मुलं रडत, बापांना घेऊन येत, कुणाकुणाकडून फोन करवत. सर प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत: ज्याचं त्याला द्या, एवढंच तर मागतोय. ते वाक्य त्यांच्या निरोप समारंभात कुणीतरी नक्की म्हणून दाखवणार होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"हे बाहेर गेलं तर माझी पदवी काढून घेतील," ते म्हणाले. "समजतंय का तुम्हाला? एकतीस वर्षं मी जे शिकवलं त्याच्यावर बोळा फिरेल. ज्यांना मी घरी पाठवलं ते दारात येऊन हसतील."

"आणि माझी पदवी, काका?" बिट्टीनं विचारलं.

"तुला नव्यानं लिहिता येईल. तू तरुण आहेस."

"नोंदणी रद्द झाल्यावर कुठे लिहू? भिंतीवर?"

"बिट्टे, आवाज खाली," धाकटा म्हणाला, आणि म्हणताच त्याला स्वतःचाच संताप आला. पोरीची बाजू घ्यायला बसलो होतो आणि तोंड उघडलं ते तिला गप्प करायला. आयुष्यभर हेच करत आलो. दोघांच्या मध्ये बसायचं आणि ज्याचा आवाज बारीक त्याला गप्प करायचं.

"बाबा, थांबा. मला बोलू द्या," बिट्टी म्हणाली. "मी काही साधीभोळी नाही. काकांच्या प्रबंधात ते आहे हे मला माहीत नव्हतं. घरातल्या माणसाचा प्रबंध घरात वाचतं कोण? पण ते आत्यानं लिहिलंय हे माहीत होतं. माझं नाही हे माहीत होतं. मी वाचलं, आणि वाटलं, याच्यापेक्षा चांगलं मला जमणार नाही. मग दुसऱ्या कुणाला कळायचंय कुठे, म्हणून घातलं. हे मी सोमवारी समितीला सांगणार आहे."

"सांगून काय मिळणार आहे?" आई ओरडली. "आधी पाच वर्षं घालवली, आता खरं बोलून उरलेलं घालवा! या घरात एकाला खरं बोलायची हौस, एकाला न बोलायची, आणि निस्तरायला मी!"

*

आत्याला हे भांडण ऐकवेना. लहानपणापासून घरात आवाज चढला की ती उठायची आणि काहीतरी देऊन टाकायची: खाऊतला वाटा, खिडकीजवळची जागा, कॉलेजातलं दुसरं वर्ष. तिच्या आणि मधल्याच्या फीचं एकदम जमेना, तेव्हा वडिलांना काही म्हणावं लागलंच नाही. तिनंच आपण यंत्रावर बसते म्हणून सांगितलं. त्याचं तिला फार दुःख कधी झालं नव्हतं. त्या एकशे बारा घरांमधले दोन महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे होते. दार उघडायचं, बाई आत बोलवायची, पुरुष मध्ये बोलायचा, आणि ही वहीत रेघ मारून वेगळा रकाना करायची. ती रेघ मारताना आपण काही नवं करतोय हे तिला तेव्हाच कळलं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझं ऐका," ती म्हणाली. "अडीच वाजले. उगाच शब्दाला शब्द वाढवू नका. सर, तू असं लिही. मजकूर तुझा आहे. बहिणीनं तुझ्या कपाटातून न विचारता घेतला आणि पोरीला दिला. पोरीला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे तिच्यावरही येत नाही, तुझ्यावरही येत नाही. माझं काय करणार आहे विद्यापीठ? माझी नोंदणीच नाही."

"आत्या, नाही!" बिट्टी म्हणाली.

सर मात्र बहिणीकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यांतला ताठपणा गेला. त्यांनी श्वास सोडला, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

"हे चालेल," ते म्हणाले. "हे ठीक आहे. हे चालेल."

त्यांनी पेनाचं टोपणही काढलं.

आत्या त्या टोपणाकडे बघत राहिली. आपणच सुचवलं होतं. मग हे खुपलं का? तिला एकदम उमगलं, की ते बोलताना आपण एका शब्दाची वाट बघत होतो. त्यानं 'नको' म्हणावं. मग आपण 'लिही रे' म्हणावं, त्यानं पुन्हा 'नको ताई' म्हणावं, आणि मग हवं तर लिहावं. एवढंच हवं होतं. एकदा नको. कॉलेज सोडलं तेव्हाही त्यानं ते म्हटलं नव्हतं.

"चालेल?" तिनं विचारलं.

"ताई, तूच तर म्हणालीस."

"मी म्हणाले. मी माझ्याच घरात चोर व्हायला तयार आहे म्हणाले. आणि तुला लगेच चाललं." तिचा आवाज मुळीच चढला नाही, पण धाकट्याच्या हातातली सुई थांबली. "अरे, वरवरचं तरी 'नको' म्हणायचंस. मी बावीस पानं दिली तेव्हा तू 'नको' म्हणाला नाहीस, तेव्हा तू दमलेला होतास. आज कशानं दमलास?"

"मग काय लिहू मी?" सर वैतागून म्हणाले. "तूच सांग काय लिहू!"

"नाही सांगणार," आत्या म्हणाली. "तुझं तू लिही. आयुष्यात एकदा."

आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. दार लावलं नाही, पण पाठ केली.

*

बिट्टीनं काका लिहिताना कधी पाहिले नव्हते. भाषणं देताना, चुका काढताना, सह्या करताना पाहिले होते. आता ते कागदावर वाकले होते आणि पेन हलत नव्हतं. आई दोनदा काही बोलायला गेली, बाबांनी दोन्ही वेळा तिचा हात दाबला. एकदा काकांनी सवयीनं आतल्या खोलीकडे मान वळवली, जणू एखादा शब्द विचारायचा होता. पाठ वळलेलीच होती. त्यांनी मान परत फिरवली. एक कागद फाडला. दुसरा फाडला.

सव्वातीनला त्यांनी कागद बिट्टीच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. तिनं वाचलं. अक्षर नेहमीसारखं नव्हतं, वाक्यं तुटक होती.

'तिसरं प्रकरण माझं नाही. माझ्या बहिणीनं लिहिलं. घरोघरी तीच गेली. मी ते माझं म्हणून दिलं आणि पदवी घेतली. माझ्या पुतणीनं तेच केलं. आम्हा दोघांना एकच नियम लावावा.'

बिट्टीला आधी वाटलं, सुटलो. मग शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचलं आणि तिला कळलं की काकांनी तिला सोडवलं नव्हतं, फक्त तिच्या शेजारी येऊन बसले होते. तिला रडू आलं. रागानं आलं की कशानं, ते तिला सांगता आलं नसतं.

"म्हणजे दोघंही गेलात," आई म्हणाली, आणि धप्पकन स्टुलावर बसली. "एकीला वाचवायला बसलो आणि दोन घालवले. अरे देवा, काय माणसं आहेत ही!"

आत्या दारात येऊन उभी होती. तिनं हात पुढे केला. बिट्टीनं कागद दिला. तिनं चष्मा सावरून एकदा वाचला, मग दुसऱ्यांदा, अगदी सावकाश. भाऊ खिडकीशी तसाच उभा होता, निकाल ऐकायला उभ्या केलेल्या मुलासारखा.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तुझं काय?" सर म्हणाले. "तुझं नाव घातलंय ना."

"नाव घातलंस. पण नियम दोघांनाच लावायला सांगितलास. ज्यांनी घेतलं त्यांना. ज्यानं लिहून दिलं त्याला काहीच नाही? मी तुला दिलं, हिला दिलं. अजून कितीजणांना दिलं ते विचारू नकोस. दुसऱ्याला लिहून देणं हा गुन्हा आहे ना तुमच्यात?"

"आहे," सर म्हणाले. "नियम बारा. पण ताई, तुला कशाला पाहिजे? तुला कोण धरणार?"

"तेच," आत्या म्हणाली. "मला धरायचं तर मी लिहिलंय हे त्यांना आधी लिहावं लागेल. त्यांच्या कागदावर. त्यांच्या शिक्क्यासकट." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं. "'दोघांना' खोड. 'तिघांना' लिही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले, 'दोघांना' वर सरळ रेघ मारली आणि वर 'तिघांना' लिहिलं. खाडाखोड झाली की शेजारी संबंधितांच्या सह्या लागतात. आधी सरांनी केली, मग बिट्टीनं. आत्यानं पेन घेतलं, पूर्ण नाव लिहायचं का म्हणून विचारलं, आणि सर हो म्हणाल्यावर वडिलांच्या नावासकट सगळं लिहिलं. चार वाजायला वीस मिनिटं कमी होती. धाकटा शटर उचलायला गेला.